डोंगराची खालची बाजू

शनिवार, ४

हिचा धाकटा भाऊ आला. मला कुणी विचारलं नव्हतं. दार वाजलं, उघडलं तर हा बॅग घेऊन उभा. "ताईनं बोलावलंय," म्हणाला. म्हणजे माझ्याच घरात माझ्या पाठीमागे फोन होतात. जन्मभर अग्निशामक दलात होता, आता निवृत्त झालाय, पण चाल अजून खांद्यावर शिडी असल्यासारखी. मी मनात त्याला बंब म्हणतो. कधीतरी तोंडातून निघेल. निघू दे.

चहा संपायच्या आत त्याने माझी रेल्वे बघितली. लोक बघतात तशी नाही. लोक आधी इंजिन बघतात, मग बोगदा, मग फलाटावरच्या बाकावर बसलेला नखाएवढा म्हातारा बघून हसतात. ह्याने सरळ डोंगरात बोट खुपसलं.

"थर्माकोल?"

"मग काय दगड आणून ठेवू?"

"हे गवत?"

"लाकडाचा भुसा. रंगवलेला."

"झाडं?"

"वाळलेलं शेवाळ. आणि ही जी खाली झालर आहे ना, ती कापडाची. अजून काही?"

अजून होतंच. तो आतल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. माझी रेल्वे बाहेरच्या खोलीच्या तीन भिंतींना लागून जाते, कमरेच्या उंचीवर. मधल्या भिंतीत आतल्या खोलीचं दार आहे, तिथे गाडी जायला मी पूल केलाय. ज्याने कुणी अशी रेल्वे बांधली आहे त्याला दार आडवं आलंच आहे, आणि त्याने पूल केलाच आहे. पूल उचलून बाजूला ठेवता येतो. मी स्वतः उचलतसुद्धा नाही, खालून वाकून जातो.

"ताईला वाकता येत नाही," बंब म्हणाला.

मला माहीत नाही का? हिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात मी बसलो होतो, हा नाही. वॉकर मी आणला. "तिने हाक मारायची, मी पूल उचलतो," मी सांगितलं. "इतके दिवस काही अडलेलं नाही."

त्याने हिच्याकडे बघितलं. ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. भावाबहिणीचं काय ते डोळ्यांनी बोलणं झालं. मला असले प्रकार आवडत नाहीत.

रविवार, ५

उंटावरच्या शहाण्याने आज मागच्या अंगणात जळाऊ प्रयोगशाळा उघडली. माझ्या खोक्यांतून प्रत्येक मालाचा तुकडा घेतला. विचारून घेतला असं तो म्हणतो. पकडीत धरायचा, काडी लावायची, खाली पाण्याची परात.

प्लायवूड काळं पडलं, पेटलं नाही. शेवाळाबद्दल त्याने फार बडबड केली होती, ते नुसतं धुमसून विझलं. मी म्हटलं, "झालं? पडलात तोंडावर?" मग त्याने भुसा घेतला, तो फुर्रकन गेला. मग थर्माकोल. थर्माकोल आधी आक्रसला, मग पेटला, आणि पेटते थेंब टपटप परातीत पडायला लागले. पाण्यावर पडूनही एक थेंब क्षणभर जळत राहिला. धूर काळा, वास असा की शेजारणीने खिडकी लावून घेतली.

"हा थेंब कातडीवर पडला की चिकटतो," बंब म्हणाला. "झटकला तर कातडी घेऊन येतो."

"माझा डोंगर परातीवर पकडीत लटकत नाही. घरात कोण काडी लावणारे?"

"आग काडीनेच लागते असं कुणी सांगितलं तुम्हाला, दाजी?"

एवढं बोलून गृहस्थाने सिगारेट पेटवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी तसं म्हणालोही. ही अंगणात खुर्ची टाकून बसली होती, ती हसली. ही हसल्याला बरेच दिवस झाले होते. पण हसावं कुठे, कुणाच्या बाजूने, ह्याला काही धरबंध आहे की नाही? नंतर आत चल म्हटलं तर म्हणाली, "बसू द्या जरा, बाहेर बरं वाटतंय." ऊन डोक्यावर आलं तरी बसून होती.

मंगळवार, ७

तोंड बंद करायचं तर कामाने करावं. दोन दिवस खपून सगळ्या डोंगरांवर प्लास्टर चढवलं. बँडेजची जाळी प्लास्टरमध्ये भिजवून एकेक पट्टी बसवली, वर पातळ प्लास्टरचा हात दिला. प्लास्टर जळत नाही हे मला बंबाने शिकवायची गरज नाही. मी जन्मभर कवळ्या केल्या. दाताच्या दवाखान्यांतून जबड्याचे साचे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचो. शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसली आहेत.

डोंगर आता इतका देखणा झालाय की रंगवायचंही जिवावर येतं. बंब आला, बोटाने टकटक केलं. "चांगलंय," म्हणाला. मी चाट पडलो. पण ह्याचं तोंड गोड राहील तर शपथ. खाली बसला, झालर वर केली.

"खालून काय?"

"खालून काय म्हणजे?"

"खालून थर्माकोल उघडाच आहे. वायरी खालून, ट्रान्सफॉर्मर खाली, रंगाचे डबे खाली, रद्दी खाली. आग वरून लागणार नाही, इथून लागणार."

"अहो, खालून कोण बघतंय?"

आतल्या खोलीतून ही म्हणाली, "मी."

हिचं हे असं मधेच काहीतरी. मी लक्ष दिलं नाही.

गुरुवार, ९

बंबाने आग विझवायचं लाल नळकांडं विकत आणलं आणि माझ्या आकाशात खिळा ठोकला. शब्दशः. मागच्या भिंतीवर मी जे आकाश रंगवलंय, फिकट निळं, खाली जरा पिवळसर, त्यात भोक पाडून स्टेशनाच्या वर ते लटकवलं. दोन ढगांच्या मधोमध लाल सिलिंडर. मी काढलं आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावर टाकलं. बरंच वाजलं आमचं.

"दाजी, तुम्ही माझ्या बहिणीला कोंडून ठेवलंय."

"तुमची बहीण इथं राणीसारखी राहते. गरम चहा हातात मिळतो."

"राणीला संडासला जायचं तर तुमची गाडी थांबवावी लागते."

असलं बोलणं. वयाने लहान, नात्याने मेहुणा, आणि माझ्या घरात बसून मला शिकवतो. मी म्हटलं, पाहुणा आणि मासा दोन दिवसांनी वास मारतो. हिने आतून सांगितलं, "त्याला मी बोलावलंय." म्हटलं, तेच तर.

आता हिच्या गळ्यात त्याने शिट्टी बांधली आहे. काय लागलं तर वाजव म्हणे. शिट्टी गळ्यात अडकवून घरात बसलेली बायको कुणी बघितली आहे का?

बाकी हिची तब्येत बरी आहे. संध्याकाळचा चहा हल्ली नको म्हणते, पाणीही बेताचंच पिते. वयानुसार कमीच होतं ते. एका परीने बरंच, सारखा पूल उचलायला लागत नाही.

मोठी बातमी राहिलीच. आमच्या छंदमंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे गार्डसाहेब म्हणतात, ते रविवारी दोघा सभासदांना घेऊन माझी रेल्वे बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडली तर वार्षिक प्रदर्शनात मधली जागा माझी. ह्या जागेसाठी मी किती वर्षं वाट बघतोय ते माझं मला माहीत. गेल्या वेळी ती जागा एका पोराला गेली, ज्याने सगळं तयार विकत आणून नुसतं जोडलं होतं.

शनिवार, ११

पुलाने जीव खाल्ला. उचलून ठेवला की रूळ केसभर सरकतात. केसभर म्हणजे अक्षरशः. इंजिन जातं, पहिला डबा जातो, दुसरा डबा माशासारखा उलटतो. उद्या गार्डसाहेबांसमोर डबा उलटला म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं म्हणायलाही तोंड राहणार नाही.

शेवटी पूल दोन्हीकडून स्क्रूने आवळून टाकला. आता लोण्यासारखी गाडी जाते. झालर पुलालाही लावली, म्हणजे पाहुण्यांना आतल्या खोलीतला पसारा, वॉकर, औषधं दिसायला नकोत. समोरून बघितलं तर दार आहे हेच कळत नाही.

हिला सांगितलं, उद्या दुपारी पाहुणे असेपर्यंत आत बस. सकाळचं उरकलं की पूल निघणार नाही.

"आणि मला बाहेर यायचं असलं तर?"

"तुला कुठं जायचंय?"

भांडली असती तर मी समजू शकलो असतो. "त्याला सांगितलंत का?" एवढंच विचारलं. बंबाला मी कशाला सांगू? तो सिगारेट आणायला गेला होता. परत आला तेव्हा झालर लागलेली होती.

सोमवार, १३

काल लिहायला हात चालत नव्हता. आज जसं घडलं तसं लिहितो. उद्या बंब आपल्या पद्धतीने सगळ्यांना सांगेल, निदान एका ठिकाणी खरं असावं.

पाहुणे यायच्या जरा आधी बोगद्याखालची एक वायर सुटली. झालरीखाली शिरून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने डाग देऊन ती जोडली. दाराची बेल वाजली. आयर्न तिथल्या हुकाला अडकवलं, झालर खाली सोडली आणि दार उघडलं. बटण बंद करायचं राहिलं. कुणाचंही राहिलं असतं.

गाडी देवासारखी धावली. पुलावरून जाताना एक डबा हलला नाही. गार्डसाहेब वाकून वाकून बघत होते, फलाटावरच्या म्हाताऱ्याला बघून हसले. मला वाटलं, जिंकलं. मग ते म्हणाले, "यंदा प्रदर्शनाच्या हॉलवाल्यांची नवीन अट आहे. मालाची जळण्याची चाचणी. थर्माकोल घेत नाहीत."

बंब भिंतीला टेकून उभा होता. एक शब्द बोलला नाही, हे मी मान्य करतो. पण त्याच्या न बोलण्यानेच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, चला, सगळे अंगणात चला, आत्ता दाखवतो. प्लास्टर चढवलेला डोंगराचा तुकडा माझ्याकडे होता. पकडीत धरला, काडी लावली, दुसरी लावली. नुसता काळा डाग. गार्डसाहेब मान डोलवायला लागले. मी तुकडा बंबाच्या नाकासमोर नेला. "बोला. आता बोला की."

तेव्हाच शिट्टी वाजली.

मला वाटलं, हिला पाणी हवं असेल. "येतो गं, थांब जरा," मी ओरडलो. शिट्टी थांबली नाही. बंब तोवर पळाला होता.

आम्ही आत आलो तेव्हा धूर नुकता झालरीच्या वर यायला लागला होता, आणि झालरीच्या मागे उजेड होता. परातीत बघितलेलेच थेंब, पण आता रद्दीवर पडत होते. वरून डोंगर जसाच्या तसा पांढराशुभ्र होता, त्याला काही झालेलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. प्लास्टरने आपलं काम केलं.

बंबाने मेन स्विच पाडला आणि झालर हातांनी ओढून काढली. "सिलिंडर कुठंय?" तो ओरडला. मी माळ्याकडे बोट दाखवलं. त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी लिहिणार नाही. गार्डसाहेब स्टूल शोधत होते. मी पूल काढायला गेलो, स्क्रूड्रायव्हर झालरीमागे, आगीच्या बाजूला राहिलेला. पलीकडे ही उभी होती, दाराच्या चौकटीत, तोंडावर पदर धरून. तिला वाकता येत नव्हतं. तिने वॉकर उचलला आणि पुलावर मारायला लागली. माझ्याकडे बघून मारत होती. बाहेरून बंबाने लाथ घातली. दोन, तीन. स्क्रू सुटले नाहीत, मी बसवलेले होते. शेवटी प्लायवूड मधोमध मोडलं आणि ही त्या फटीतून आडवी होऊन त्याच्या अंगावर पडली.

मग सिलिंडर आला, पांढरी पावडर सगळीकडे, विझलं. हातभर डोंगर गेला. बंबाच्या मनगटावर एक थेंब चिकटला होता, कातडी निघून आली. त्याने त्याबद्दल हूं की चूं केलं नाही. हे त्याच्या स्वभावाला सोडून आहे.

एक गोष्ट मला कळत नाही. आम्ही खोलीत पोचलो तेव्हा कुठे धूर दिसत होता. हिने त्याच्या कितीतरी आधी शिट्टी वाजवली. आतल्या खोलीत खाटेवर पडून हिला कसं कळलं?

मंगळवार, १४

ही गेली. भावाबरोबर, त्याच्या घरी. मी म्हटलं, "खुब्याचं दुखणं घेऊन कुठे निघालीस? लोक काय म्हणतील?" म्हणाली, "लोकांना झालर दिसेल." हल्ली हिच्या बोलण्याला शेंडाबुडखा नसतो.

जाताना दारात थांबली. मला वाटलं, राहील. वॉकर नीट करत होती. मला राग आला, फार राग आला, आणि त्या रागात मी म्हटलं, जा, दार उघडंच आहे. ती म्हणाली, "हो, आज आहे."

गार्डसाहेबांचा निरोप आला. मधली जागा त्या पोरालाच.

शुक्रवार, १७

तीन दिवस पूल जोडत होतो. फुटलेल्या कडा तासल्या, आतून पट्टी दिली, रूळ नवे. आधीपेक्षा भक्कम. संध्याकाळी हिचा फोन आला. मी उचलला तेव्हा हाताला गोंद होता.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय करताय?"

"पूल दुरुस्त केला. झालाच आहे. आता बसवायचा."

ती म्हणाली, "बरं." आणि ठेवला. एवढ्या मेहनतीला नुसतं बरं.

रविवार, १९

काल चादर हवी होती म्हणून आतल्या खोलीत गेलो. पूल दारात बसवायचा बाकी होता, सरळ चालत गेलो. कंबर धरली होती, जरा वेळ हिच्या खाटेवर आडवा झालो. मी त्या खाटेवर कधी पडलो नव्हतो. मी बाहेर झोपतो, गाड्यांपाशी.

उशीवर डोकं टेकलं, दाराकडे बघितलं. तिथून माझी रेल्वे दिसत नाही. इंजिन दिसत नाही, बोगदा नाही, आकाश नाही. दारातून तिरकं टेबलाच्या खाली दिसतं. उरलेल्या झालरीची आतली बाजू, शिवणीचे लोंबणारे दोरे. वायरींची गुंतवळ. रंगाचे डबे. डोंगराची खालची बाजू, उघडी, करवतीने वेडीवाकडी कापलेली, काळी पडलेली. आणि तो हुक, ज्याला मी आयर्न अडकवलं होतं, तो तर अगदी नाकासमोर.

हिने ते आयर्न हुकावरून रद्दीवर पडलेलं बघितलं होतं. पेटताना बघितलं होतं. मी अंगणात पाहुण्यांना काडी लावून दाखवत होतो तेव्हा ही इथे पडून सगळं बघत होती, आणि मधे माझे स्क्रू होते.

खालून कोण बघतंय, असं मी विचारलं होतं. हिने उत्तर दिलं होतं.

कवळी हातात घेतली की लोक दात बघतात. पण माणूस ती काढून ठेवतो तेव्हा दातांमुळे नाही. आतली बाजू टोचते म्हणून काढून ठेवतो. हे मी नव्या कारागिरांना ओरडून ओरडून शिकवलंय. आतून बोट फिरवा, रे, बाहेरून काय चाटायचीय?

मी तिथे किती वेळ पडलो होतो कोण जाणे. रडू आलं, ते लिहून टाकतो. इथे लपवायचं कुणापासून? तहान लागली. उशाशी तांब्या होता, त्यात तळाशी घोटभर पाणी. एका घोटापुरतंच भरायची ती.

सोमवार, २०

पूल भंगारवाल्याला दिला. नुसता पूल नाही, दाराच्या दोन्ही बाजूंचं टेबलही कापलं. आता गाडी फिरत नाही. एका भिंतीपाशी निघते, दुसऱ्या कोपऱ्यात थांबते. वेडगळ दिसतं. मग खाटेवर पुन्हा आडवा होऊन बघितलं. बाहेरचं दार दिसतं, दारातून रस्ता दिसतो, समोरचा सायकलवाला पंक्चर काढतोय तोही दिसतो.

फोन केला. उचलला बंबाने.

"ताई झोपलीय."

"हात कसाय?"

"आहे."

"तिला सांगा, दारात आता काही नाही. पूल गेला, टेबल कापलं."

मला वाटलं, आता तरी चांगला शब्द काढेल. "आणि खालून?" म्हणाला.

"खालून अजून तसंच आहे."

"मग आधी खालून करा. मग फोन करा."

आणि ठेवला. असा माणूस. ह्याच्या जिभेला हाड कधी नव्हतं. ताई झोपलीय म्हणाला खरा, पण मागे वॉकरची टकटक मला ऐकू येत होती.

बुधवार, २२

रद्दी काढली, डबे अंगणातल्या फडताळात ठेवले. झालर कचऱ्यात. सिलिंडर भरून आणला आणि त्याच खिळ्यावर टांगला, दोन ढगांच्या मधे. दिसतं भयंकर.

सकाळपासून टेबलाखाली उताणा पडून बँडेजच्या पट्ट्या लावतोय. वरून लावायला सोपं असतं. खालून लावताना अर्धी पट्टी धरते, अर्धी तोंडावर पडते. दाढीत प्लास्टर, डोळ्यात प्लास्टर, कंबरेचा भुगा. प्रत्येक पट्टीला बंबाला एक शिवी. शिव्या संपत आल्या, डोंगर बराच बाकी आहे.

हिच्या खाटेवरून जो भाग दिसतो, तिथून सुरुवात केली आहे.